घडीचा फोन घ्यावा, की साधा फोन आणि टॅब्लेट? शिरोलीच्या प्रश्नकर्त्यास सविस्तर उत्तर

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आपण कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात काम करता. कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, ड्रॉइंग आणि तपासणी अहवाल दिवसभर फोनवर पाहावे लागतात, आणि साध्या फोनच्या पडद्यावर ते नीट वाचता येत नाहीत. म्हणून दीड-पावणेदोन लाखांचा घडीचा, म्हणजे पडदा दुमडून मिटणारा (फोल्डेबल) फोन हप्त्यांवर घ्यावा, म्हणजे फोन आणि टॅब्लेट दोन्ही एकातच होतील, असा आपला विचार आहे. संध्याकाळी तोच फोन मुलीला दहावीच्या अभ्यासाला देता येईल, असेही आपण शेवटी लिहिले आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे आणि घडीचे फोन बाजारात आल्यापासून ते माझ्या टेबलावर येत आहेत. माझी बाजू थोडी एकांगी आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण व्यवस्थित चाललेला फोन घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही.

घडीचा फोन चांगला की वाईट, असे आपल्या प्रश्नाचे वरवरचे रूप आहे. मला त्यात खरा प्रश्न वेगळा दिसतो. मोठा पडदा आपण दिवसातून किती वेळा उघडणार, कोणत्या जागी उघडणार आणि त्या वेळी हात कसे असणार, यावर सगळे अवलंबून आहे. त्याच कंपनीचा, त्याच किमतीचा फोन एका गिऱ्हाइकाकडे तीन वर्षे नव्यासारखा राहतो आणि दुसऱ्याकडे पहिल्या वर्षातच आतला पडदा गमावतो, हे मी वारंवार पाहिले आहे, आणि त्या दोघांच्या वापरात फरक शोधला की तो बहुतेक वेळा जागेचाच निघतो.

आधी एक प्रकार बाजूला काढू. घडीच्या फोनांमध्ये दोन जाती आहेत. एक आडवा मिटणारा, म्हणजे उघडल्यावर साध्या फोनएवढाच आणि मिटल्यावर निम्मा होणारा; दुसरा पुस्तकासारखा उघडणारा. पहिल्या जातीचा फोन आता पन्नास हजारांच्या आसपास मिळू लागला आहे, तो दिसायला देखणा असतो आणि खिशात सुखाने मावतो, पण त्यात वाचायला एक इंचही जास्त मिळत नाही. ड्रॉइंग पाहण्यासाठी त्याचा विचार करण्याचे कारण नाही. त्यामुळे यापुढे मी जे लिहितो ते पुस्तकासारख्या उघडणाऱ्या फोनांविषयी.

हे फोन सुधारले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलक्सी फोल्ड जाहीर झाला, तेव्हा परीक्षणासाठी दिलेले काही फोन काही दिवसांतच बिघडले. कोणी वरचा थर साधा स्क्रीन गार्ड समजून सोलून काढला, तर काही फोनांत बिजागरीच्या फटीतून कचरा आत शिरला. कंपनीला विक्री पुढे ढकलून सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. भारतात तो फोन १,६४,९९९ रुपयांना आला. त्याचे वजन २७६ ग्रॅम होते आणि मिटल्यावर तो बिजागरीच्या बाजूला सतरा मिलिमीटरपर्यंत जाड होता. २०२५ मधल्या गॅलक्सी झेड फोल्ड ७ चे वजन २१५ ग्रॅम आहे, म्हणजे त्याच कंपनीच्या एस २५ अल्ट्रा या साध्या मोठ्या फोनपेक्षा तीन ग्रॅमने कमीच, आणि मिटल्यावर जाडी ८.९ मिलिमीटर. खिशात वीट ठेवल्यासारखे वाटते ही जुनी तक्रार आता उरलेली नाही. किंमत मात्र खाली आलेली नाही. हा फोन भारतात १,७४,९९९ रुपयांपासून सुरू झाला.

आता पडद्याच्या मापाकडे येऊ, कारण दुकानात याविषयी कोणी बोलत नाही. या फोनांच्या उघडलेल्या पडद्याचा म्हणून सांगितला जाणारा आठ इंच हा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. साधे टॅब्लेट लांबट असतात. घडीच्या फोनचा आतला पडदा जवळजवळ चौकोनी असतो. फोल्ड ७ चा उघडलेला पडदा सुमारे ५.९ इंच बाय ५.३ इंच भरतो. त्यावर नेहमीच्या आकाराचा व्हिडिओ लावला की वर-खाली काळे पट्टे उरतात आणि प्रत्यक्ष चित्र ६.८ इंची पडद्याएवढेच दिसते. साध्या ६.९ इंची फोनवर तेच चित्र ५.९ इंचाचे दिसते. फरक आहे, पण आठ इंच ऐकून मनात जो येतो तेवढा नाही. सिनेमे पाहायला म्हणून कोणी हा फोन घेत असेल, तर मी त्याला सरळ नको म्हणतो.

वाचनाचे गणित याहून बरे आहे. ए-४ आकाराचा अख्खा कागद या पडद्यावर एका नजरेत बसवला, तर तो मूळ मापाच्या निम्मा दिसतो. फोन आडवा धरून कागदाची रुंदी पडद्याभर केली, तर सुमारे सत्तर टक्के. साधा फोन उभा धरला तर तो पस्तीस टक्क्यांवर येतो, म्हणजे अहवालातील आकडे बोटांनी मोठे केल्याशिवाय वाचताच येत नाहीत. या हिशेबाने आपली गरज खरी आहे आणि घडीचा फोन ती अर्धीमुर्धी भागवतो. पण अकरा इंची साध्या टॅब्लेटवर तोच अख्खा ए-४ कागद पंचाहत्तर टक्के मापात, सरकवण्याची गरज न पडता, एका नजरेत दिसतो. आणि ड्रॉइंग पुष्कळदा ए-३ वर असतात. ए-३ चा कागद घडीच्या फोनवर आडवा बसवला, तर तो मूळच्या जेमतेम छत्तीस टक्के दिसतो, म्हणजे साध्या फोनवर ए-४ पाहण्याच्या आजच्या त्रासापाशीच आपण परत येता. टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालेल याचे, आकडे ज्या बारीक टाइपात लिहिलेले असतात, ते पाहता हे फारसे उपयोगाचे नाही.

ड्रॉइंगवर खुणा करायच्या असतील तर आणखी एक बाब पाहावी लागते. फोल्ड ३ पासून फोल्ड ६ पर्यंतच्या फोनांत घडीच्या पडद्यासाठी वेगळे बनवलेले पेन चालत होते. फोल्ड ७ पातळ करताना पेन ओळखणारा थर काढून टाकण्यात आला. त्यामुळे सर्वांत नवा तो सर्वांत सोयीचा, असे आपल्या कामाच्या बाबतीत म्हणता येत नाही. सॅमसंगच्या साध्या फोनांसाठीच्या एस पेनने या मऊ पडद्यावर लिहू नये, हेही लक्षात ठेवावे. त्याचे टोक कडक असते आणि पडद्यावर कायमचा खड्डा पाडते.

पडदा मऊ का असतो, हे नीट समजून घेतले की पुढचे सगळे उलगडते. आपल्या साध्या फोनवरची काच साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे असते. एवढी जाड काच दीड-दोन मिलिमीटरच्या वळणावर वाकवली तर तडकणारच, कारण काच जितकी जाड, तितका वाकवताना तिच्या बाहेरच्या अंगावर ताण जास्त. म्हणून २०२० च्या झेड फ्लिपपासून या फोनांत सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसापेक्षाही पातळ काच वापरू लागले. ती वाकते, पण एकटी टिकत नाही. तिच्यावर प्लास्टिकचा थर, तिच्याखाली प्लास्टिकच्या पायावर बनवलेला ओलेड पडदा, त्याखाली आधाराची पातळ पत्री, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे मऊ पारदर्शक गोंदाचे थर, अशी ती चळत असते. शंभर पानी वही वाकवली की पाने एकमेकांवर थोडी सरकतात; इथे ते सरकणे गोंदाला सोसावे लागते. रोज सोसून सोसून गोंद त्या जागी थोडा बसतो, आणि त्याचीच ती मधली रेघ दिसू लागते. २०२१ नंतरच्या बऱ्याच फोनांत बिजागरी पडद्याला थेंबाच्या आकाराचे मोठे वळण देते, त्यामुळे रेघ फिकी झाली आहे. ट्यूबलाइटखाली तिरके धरले की ती दिसते, समोरून वाचताना आठवडाभरात विसरायला होते. रेघेला घाबरून कोणी फोन नाकारू नये. रेघ ही बिघाडाची खूण नाही.

बिघाड वेगळ्या ठिकाणी होतात. उघडमिटीच्या आकड्यांची जाहिरात पुष्कळ होते. आधी दोन लाख वेळा म्हणत, आता पाच लाख वेळा म्हणतात. दिवसाला शंभर वेळा उघडला तरी दोन लाखांना साडेपाच वर्षे लागतात, तेव्हा आकड्यांत खोट नाही. पण ती चाचणी स्वच्छ खोलीत, यंत्राच्या हातांनी, एकाच वेगाने होते. माझ्या टेबलावर येणाऱ्या फोनांत उघडमिटीने थकलेले कमी आणि कणांनी मारलेले जास्त असतात. एक बिघाड तेवढा थकव्याचा म्हणता येईल: दोन्ही अर्ध्यांना जोडणारी फ्लेक्स पट्टी, म्हणजे तारांची वाकणारी पातळ पट्टी, बिजागरीतून जाते आणि ती कधीकधी चिरते. खूण अशी की फोन निम्मा उघडा असताना आतला पडदा ठीक चालतो आणि पूर्ण सपाट केला की काळा होतो, किंवा त्याच्या उलट. असा फोन आला की पडदा गेला असे मालकाने गृहीत धरलेले असते. पुष्कळदा पडदा ठणठणीत असतो आणि पट्टी गेलेली असते.

आता कणांविषयी, आणि इथे शिरोलीचा संबंध येतो. फोल्ड ७ वर आयपी४८ अशी धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी लिहिलेली असते. यातील पहिला अंक घन कणांविषयी आणि दुसरा पाण्याविषयी असतो. चार या अंकाचा अर्थ इतकाच, की एक मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जाणार नाही. आपल्याकडच्या मोल्डिंगच्या, म्हणजे ओतकामाचे साचे बनवण्याच्या, वाळूचा कण त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, कधी त्याहून लहान असतो. म्हणजे ज्या वस्तूपासून आपल्या फोनला सर्वांत जास्त धोका आहे, ती वस्तू या चाचणीच्या कक्षेतच येत नाही. शिवाय वाळू म्हणजे सिलिका. कठीणपणाच्या मोह्स मापावर ती ७ वर आहे. साध्या फोनच्या काचेवर ६ च्या आसपास ओरखडे उठू लागतात, तर घडीच्या पडद्यावरचा थर २ ते ३ लाच ओरखडतो. साधी काचही वाळूने खराब होते हे खरे, पण तिच्यावरची टफन ग्लास दोनशे रुपयांत बदलून मिळते. घडीच्या पडद्यावर कडक टफन ग्लास बसवताच येत नाही.

ओरखडा तरी वरच्या वर राहतो. त्याहून वाईट म्हणजे कण बिजागरीच्या बाजूने पडद्याच्या मागे जातो. फोन मिटला की पडद्याची मागची बाजू आणि आधाराची पट्टी यांच्यामध्ये तो दाबला जातो, आणि समोरून टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसू लागतो. मालक त्यावर अंगठा फिरवून पाहतो, काय आहे म्हणून थोडा दाबतो, आणि त्या बिंदूतून उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ निघते. त्यानंतर करण्यासारखे काही नसते. बिजागरीच्या आत धूळ झाडणारे नायलॉनचे तंतू बसवलेले असतात, त्यांचा उपयोग होतो, पण ते घरातल्या आणि खिशातल्या धुळीपुरते.

फाउंड्री आणि मशिन शॉपवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोन मिटलेला राहावा म्हणून त्याच्या कडांमध्ये चुंबक असतात. उद्यमनगरातल्या एका कारखानदारांचा आडवा मिटणारा फोन माझ्याकडे आला होता. उघडल्यावर त्याच्या दोन्ही कडांना ग्राइंडिंगचा लोखंडी किस दाढीच्या खुंटांसारखा उभा राहिलेला होता. ब्रशने तो निघत नाही, नुसता जागा बदलतो. सेलोटेप दाबून दाबून उचलावा लागतो. प्रत्येक वेळी फोन मिटताना तो किस पडद्याच्या दोन अर्ध्यांमध्ये चिरडला जात होता. त्या गृहस्थांनी फोन अतिशय जपून वापरला होता, एकदाही पाडला नव्हता, त्यामुळे पडदा का गेला हे त्यांना पटवायला मला वेळ लागला. आपले फेटलिंगचे, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याचे, खाते आणि तपासणीचे टेबल एकाच छताखाली असेल, तर आपली स्थिती याहून वेगळी राहणार नाही.

गूगलच्या २०२५ मधल्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ आहे, म्हणजे धुळीची चाचणी त्याने पूर्ण पार केली आहे, आणि घडीच्या फोनांत तसे करणारा तो पहिला. हे पाऊल मोठे आहे. मात्र त्याचा अर्थ धूळ फोनच्या आत जात नाही एवढा. मऊ पडद्यावर वाळूचा कण बसून फोन मिटला तर काय होते, याचे उत्तर त्या चाचणीत नाही. चुंबक त्यालाही आहेत.

पावसाची काळजी मात्र लोक गरजेपेक्षा जास्त करतात. जुलैत गगनबावड्याकडून भिजून आलेले घडीचे फोन मी पाहिले आहेत आणि ते बहुतेक ठीक असतात, कारण २०२१ च्या फोल्ड ३ पासून पाण्याविरुद्ध या फोनांचे संरक्षण चांगले आहे. पथ्य एकच: ओला फोन तसाच मिटू नये, आधी मऊ कापडाने टिपून घ्यावा, कारण चिखलाच्या पाण्यात कण असतात. आणि एकदा फोन उघडून दुरुस्त झाला की मूळचे सील गेले असे समजावे. नवे सील घातले का, हे कारागिराला विचारावे, मग तो कारागीर मी का असेना.

दुरुस्तीच्या खर्चाबद्दल स्पष्ट सांगतो. साध्या फोनची वरची काच फुटली आणि आतला पडदा शाबूत असला, तर आम्ही गरम करून काच वेगळी काढतो आणि दुसरी बसवतो. काम थोडक्यात भागते. घडीच्या पडद्याची काच अशी वेगळी काढून बदलणे व्यवहारात शक्य नाही. आतला कॉम्बो, म्हणजे काच आणि पडदा एकत्र असलेला भाग, बहुधा फ्रेमसकट येतो आणि वॉरंटीबाहेर त्याचा खर्च एका चांगल्या मध्यम फोनच्या किमतीएवढा जातो. भाग तयार नसेल तर तो येईपर्यंत फोनशिवाय राहावे लागते. म्हणून खरेदीआधी अधिकृत सेवा केंद्रात जाऊन त्या मॉडेलच्या आतल्या पडद्याचा आजचा दर विचारावा आणि तो फोनच्या किमतीत मिळवून मगच हिशेब करावा. पडद्याचा विमा खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घेता येतो; घडीच्या फोनसाठी तो ऐच्छिक समजू नये. बिनव्याजी हप्त्यांतही व्याजावरचा जीएसटी बहुधा आपल्यालाच भरावा लागतो, तेव्हा कागद वाचून सही करावी.

मग हे फोन कोणाला शोभतात? माझ्या गिऱ्हाइकांत एक वकील आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून त्यांचा बराच वेळ न्यायालयाच्या ओसरीत जातो. पुकारा होईपर्यंत ते उभ्या उभ्या फोन उघडतात, एका बाजूला याचिका आणि दुसऱ्या बाजूला निकालपत्र ठेवून वाचतात, आणि नाव पुकारले की मिटून कोटाच्या खिशात टाकतात. टॅब्लेट त्यांच्याकडे आहे, तो घरीच राहतो. त्यांना हा फोन दिवसातून अनेकदा, टॅब्लेट काढता येणार नाही अशा जागी, स्वच्छ हातांनी लागतो. या तिन्ही गोष्टी जुळल्या की मी कोणालाही हा फोन घेऊ नका असे सांगत नाही. चाळिशी लागलेल्या आणि प्रवासात बराच पत्रव्यवहार करणाऱ्या माणसांनाही तो खरोखर सुखाचा वाटतो. मराठी टाइप करताना उघडलेल्या पडद्यावरचा रुंद कीबोर्ड फार सोयीचा पडतो. आणि निव्वळ हौस म्हणून घ्यायचा असेल, तर कोल्हापुरात हौसेला कोणी अडवलेले नाही, मीही अडवणार नाही. फक्त हौसेचा खर्च कामाच्या खात्यात मांडू नये.

आपल्या बाबतीत वेळा जुळतात, पण जागा आणि हात जुळत नाहीत. मुलीच्या अभ्यासाचा मुद्दा तर मला उलटाच वाटतो. एकात दोन वस्तू म्हणजे एका वेळी एकालाच वस्तू. ती व्याख्यान पाहत असताना आपला फोन वाजणार, आणि कंपनीतून आलेला फोन घ्यायला आपण तो तिच्या हातातून काढून घेणार. दहावीच्या मुलीच्या हाती पेन्सिल, कंपास आणि पट्टी असते. तिने त्या मऊ पडद्याची धास्ती बाळगत अभ्यास करावा, ही अपेक्षा बरोबर नाही.

म्हणून मी आपल्या जागी असतो तर असे केले असते. चाळीस-पंचेचाळीस हजारांचा चांगला साधा फोन घेतला असता, आयपी६८ असलेला, वर टफन ग्लास लावून. घरासाठी आणि मुलीसाठी अकरा इंची टॅब्लेट. २०२५ च्या साध्या आयपॅडची किंमत ३४,९०० रुपयांपासून सुरू झाली, आणि अँड्रॉइडमध्ये पेनसह येणारे टॅब्लेटही याच पट्ट्यात मिळतात. दोन्ही मिळून घडीच्या फोनच्या निम्म्या किमतीत भागते. बहुतेक साध्या टॅब्लेटलाही धुळीचे प्रमाणपत्र नसते, हे खरे आहे, पण त्यात हलणारा सांधा नाही, आणि चार्जिंगच्या तोंडाला रबरी बूच लावून तो पुसून ठेवता येतो. शॉप फ्लोअरवरच्या ड्रॉइंगसाठी मात्र मी आधी कंपनीकडे मागणी केली असती. गॅलक्सी टॅब ॲक्टिव्ह ५ सारखे आठ इंची टॅब्लेट याच कामासाठी बनवलेले असतात: आयपी६८, हातमोजे घालून चालणारा पडदा, पेन सोबत, आणि बॅटरी हाताने काढून बदलता येणारी. तपासणीचे व्हर्नियर जसे कंपनी देते, तसे हेही तिनेच द्यावे.

किमतीमुळे जुना घडीचा फोन घेण्याचा मोह होईल, कारण दुसऱ्या हाती या फोनांची किंमत झपाट्याने उतरते. माझ्या मते आपल्या वापरासाठी तो सर्वांत वाईट सौदा. तरीही कोणी पाहणार असेल, तर फोन कानाजवळ धरून अगदी सावकाश उघडावा आणि मिटावा. वाळू चावल्यासारखा कर्र आवाज आला की तिथेच थांबावे. पूर्ण पांढरे चित्र लावून फोन निम्मा, पाऊण आणि पूर्ण उघडून पाहावा, तिन्ही कोनांत रेघ किंवा काळपट डाग दिसता कामा नये. टेबलावर ठेवल्यावर दोन्ही अर्धे सपाट बसले पाहिजेत. घडीवर वरच्या थराखाली हवेचा फुगा असेल तर तेवढ्यावरून फोन नाकारू नये, तो थर सेवा केंद्रात बदलून मिळतो. मात्र मालकाने तो स्वतः सोलून काढलेला असेल तर फोन परत द्यावा. बाहेरच्या देशातून आणलेल्या फोनला इथे वॉरंटी मिळेलच असे नाही, तेव्हा बिल आधी मागावे.

तीन भागांत मिटणारे फोन आणि घडीचे संगणकही आता आले आहेत. हुआवेने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन बिजागऱ्यांचा, उघडल्यावर दहा इंचांपर्यंत जाणारा फोन काढला; आसुसचा सतरा इंची घडीचा संगणक भारतात २०२२ मध्ये ३,२९,९९० रुपयांना आला होता. पडद्याच्या मापाची माझी तक्रार त्यांनी मिटते, पण सांधे वाढतात किंवा किंमत, त्यामुळे आपल्या प्रश्नात ते बसत नाहीत.

एक माहिती आपण दिलेली नाही, ती कळली तर टॅब्लेटचे नाव नेमके सुचवता येईल. ड्रॉइंग आपल्याकडे पीडीएफ म्हणून येतात की कॅडची, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरची, मूळ फाइल उघडावी लागते? पीडीएफ असतील तर वर लिहिलेला कोणताही टॅब्लेट चालेल. कॅड असेल तर आधी कंपनीत वापरले जाणारे सॉफ्टवेअर कोणते आहे आणि त्याचे टॅब्लेटसाठीचे ॲप अँड्रॉइडवर आहे की फक्त आयपॅडवर, हे पाहून कळवावे.